आठांतले दोन तुकडे

प्रिय धाकट्या,

तुझ्या छकुलीनं पाठवलेलं चित्र माझ्या टेबलासमोर लावलंय. डुकराला तिनं लांब पापण्या काढल्यात, त्यावरून लॅबमधल्या बाया रोज माझी थट्टा करतात. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते.

गेल्या आठवड्यात तू लॅबच्या दाराशी आलास, डुकरांच्या शेंबडाची डबी पुढे केलीस आणि म्हणालास, "ताई, गुपचूप बघ. नोंद करू नकोस." शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मी ठोकायचे तेव्हाचाच तुझा तो चेहरा. मी हो म्हणून बसले. तळ्यावरची पाच बदकं मेली, आता डुकरं शिंकतात, एवढंच तू सांगितलंस. तुलाही ताप होता, हे मला तुझ्या बायकोकडून कळलं.

फ्लूच्या विषाणूचा सगळा जनुकांचा ऐवज आठ तुकड्यांत असतो. बदकांचा फ्लू माणसाला सहसा लागत नाही, पण डुकराला बदकाचाही लागतो आणि आपलाही. दोन्ही एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते, आणि बाहेर पडतो तो तिसराच, कुणाच्याच शरीराला ओळखीचा नसलेला. तुझ्या डबीत तो सापडला. सहा तुकडे बदकांचे, दोन माणसाचे. ते दोन बहुधा तुझेच रे. दुसऱ्या कुणाच्या हातचं तुझी डुकरं खात नाहीत म्हणून तापातही तूच त्यांना भरवत होतास. मी तीनदा तपासलं. तिसऱ्यांदा तर मशीनच बिघडलेलं निघू दे, असं म्हणत बसले होते.

काल तुझा फोन आला. "डुकरं सावरली गं, विसरून जा आता." तेवढ्यात तुझ्यामागे कुणीतरी खोकलं. कोरडा, लहानसा खोकला. मी विचारलं, तर म्हणालास, "धूळ आहे."

फोन ठेवला आणि मी डबीची नोंद केली. तुझ्या नावानं, पत्त्यासकट.

हे पत्र तुझ्या हातात देणाऱ्या बाई जनावरांच्या सरकारी डॉक्टर आहेत. तुझ्या एक्केचाळीस डुकरांतलं एकही आज वाचणार नाही. बाईंशी भांडू नकोस, त्यांना मी आणलंय. मी फाटकाबाहेर गाडीत बसलेय. तुझ्यासमोर हे तोंडातून निघालं नसतं. माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. पण आधी छकुलीच्या तोंडाला मास्क बांध आणि तिला माझ्याकडे आणून दे.

तुझीच,
ताई