काळीज किती अंशावर?

अकोला, २० मे १९६५

तीर्थस्वरूप पंजाबराव मामांस भाचा हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींचा दमा दोन्ही नरम असोत. (इथे सध्या फक्त रस्त्याचं डांबर नरम आहे.)

परवा दुपारी सव्वातीनला एका मेलेल्या बोकडाच्या काळजातून पित्ताचा थेंब पडला आणि तुमच्या भाच्याचं आयुष्य पालटलं. कॉलेज सोडल्यापासून (प्रोफेसरांनी माझी कविता वर्गात वाचली, मी त्यांचं डस्टर खिडकीबाहेर फेकलं, एवढंच) मी तुमचे वर्गमित्र, ढोरांचे डॉक्टर किसनराव, यांच्याकडे मदतनीस आहे. परदेशात मेलेल्याचं काळीज, म्हणजे यकृत, जिवंत माणसात बसवून राहिले, असं त्यांनी वाचलं. तेव्हापासून एकच ध्यास, बाहेर काढलेलं काळीज कोणत्या गारव्यात किती टिकतं!

पहिलं नुसतं टेबलावर ठेवलं. पारा त्रेचाळीस, तासा-दोन तासांत ते लिबलिबीत. दुसरं बर्फात मीठ घालून दगडासारखं गोठवलं. दिसायला अगदी ताजं, पण वितळल्यावर हातात चिखल. (पाण्याच्या सुया होऊन आतून सगळं फाडतात म्हणे.) तिसरं खाऱ्या पाण्याच्या डब्यात, भोवती बर्फ, पारा चारावर. गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही. सहा तासांनी ते कोमट करून शिरेतून त्याच बोकडाचं रक्त हातपंपानं सोडलं. मामा, ते फिकट काळीज हळूहळू लाल झालं, फुगलं, आणि नळीच्या टोकाला हिरवापिवळा थेंब आला. त्याच बोकडाचं मटण आम्ही दुपारी जेवलो होतो! बोकड माझ्या पोटात, आणि त्याचं काळीज टेबलावर कामाला. तेव्हापासून मला रिकाम्या खोलीतही टप् ऐकू येतं.

पंप डॉक्टरांची मुलगी कुंदा दाबत होती. थेंब पाहून तिनं दचकून माझं मनगट धरलं. (बर्फातला हात, पण भाजलं.) मी लगेच चिठ्ठी लिहिली, 'माझं काळीज जळून राहिलं आहे', आणि तिला सापडावी म्हणून डब्याखाली ठेवली. तिथंच प्रयोगाच्या नोंदी असतात, हे त्या भरात सुचलं नाही. डॉक्टर चिठ्ठी नाचवत आले.

"काहून रे, जळून राहिलं लिहितं अन् पारा लिहीत नाही? कोणतं काळीज?"

"माझं."

"तुह्यं कोणतं? चौथं तं आपण आणलंच नाही!"

आपला,
हेमचंद्र

ता. क. पत्राचं खरं कारण असं की शनिवारी अमरावतीचे एक वकील कुंदाला पाहायला येत आहेत. त्याआधी येऊन माझ्यासाठी शब्द टाका.

ता. क. दुसरा. येऊ नका. वरचं लिहून मी प्रयोगाच्या खोलीत गेलो आणि तिलाच विचारलं. ती पंपावर होती; आज बारा तासांचं काळीज. मान वर न करता म्हणाली, "वकिलाले मीच होकार कळवला. तू लय तापतं रे, हेमचंद्र. माह्याच्यानं नाही सांभाळल्या जात. अन् दार लाव, उद्याच्या डब्यातला बर्फ पघळून राहिला."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण नळीच्या टोकाशी थेंब लोंबत होता, पडत नव्हता. आम्ही दोघंही तिकडेच पाहत राहिलो. पडला. मग मी बाहेर आलो आणि गारवा जाऊ नये म्हणून दार हळूच लावून घेतलं.