दहा हजार व्होल्ट आणि मी

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ९.४०
आजपासून शिस्त. रोज अर्धा तास डेटाशीट, म्हणजे पार्ट बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक, वाचायचं.
पुढच्या सोमवारी चाकणच्या कंपनीत आमच्या बोर्डाची ट्रायल. काम साधं. कॉइलला करंट दिला की हवेचा व्हॉल्व्ह उघडतो, करंट तोडला की बंद. आमचे मालक अर्जुनराव म्हणाले, ऑर्डर मिळाली तर डिझाइन हेड नेमायचाय. नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होते. माझ्या मागे फक्त वॉटर कूलर आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी
डेटाशीट उघडलं. पहिलं पान छान. बाकीची उद्या.
जुन्या डिझाइनमध्ये कॉइलवर एक डायोड आहे. करंट तोडला की कॉइल झटका मारते, तो हा डायोड गिळतो म्हणे. सॉफ्टवेअरमध्ये डायोड काढून पाहिला. झटका सहाशे व्होल्टचा, करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर पंचेचाळीसच सोसणारा. तरी ट्रान्झिस्टर ढिम्म! म्हणजे डायोड हवाच कशाला? इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

बुधवार, ७ फेब्रुवारी. दुपारी
आमची ज्युनियर वर्षाली म्हणाली, सर, सॉफ्टवेअरमधल्या या मॉडेलला ब्रेकडाउन माहीतच नाही. कितीही व्होल्ट द्या, तो फुटणार नाही. ते आपल्याला वेगळं घालावं लागतं.
मी तिच्यासमोर थेट दहा हजार व्होल्ट दिले. ट्रान्झिस्टर जागचा हलला नाही. मग ती वही मिटून आपल्या जागेवर गेली. पटलं असावं.
निष्कर्ष: ट्रान्झिस्टर बनवणारे लोक विनयशील असतात, ताकद कमी करून सांगतात. यावर पेपर लिहायचा.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
टेक्निशियन ज्ञानदेवांनी बोर्ड तयार करून दिला. मूळचे इथले, चिखलीचेच. विचारत होते, साहेब, डायोड ऱ्हायला न्हवं? म्हटलं, लागत नाही. म्हणाले, व्हय का? आमी तर वीस वर्सं लावतोय. त्यांना स्क्रीनवर ग्राफ दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, चित्र चांगलं हाय.
वीस वेळा चालू-बंद केलं. बोर्ड ठणठणीत. दोनशे वेळा करणार होतो, पण जेवणाची सुट्टी झाली. अर्जुनरावांना मेल टाकला: चाचणी पूर्ण.

रविवार, ११ फेब्रुवारी
डेटाशीट राहिलं. डिझाइन हेडला शोभेल असा शर्ट शोधण्यात दुपार गेली. स्वप्नालीने विचारलं, तिथे बोर्ड जळला तर? बायकोला ट्रान्झिस्टर समजावणं अवघड. तरी दहा हजार व्होल्टचं सांगितलं. ती म्हणाली, ते कॉम्प्युटरमध्ये ना? म्हटलं, मग आणखी कुठे!

सोमवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१५
चाकणहून परतलो.
पहिले चाळीस वेळा व्हॉल्व्ह अप्रतिम चालला. तिथल्या उत्कर्षा मॅडम कौतुकाने मोजत होत्या. मी त्यांना डायोड कसा वाचवला ते सांगायला घेतलं आणि टप् असा आवाज आला. व्हॉल्व्ह उघडला तो बंदच होईना. सुटलेल्या हवेने मॅडमच्या फाइलमधले सगळे कागद उडाले. त्यांच्या तिघांनी आणि मी मिळून गोळा केले. एक कागद अजून क्रेनवर आहे.
ट्रान्झिस्टर खराब लॉटचा असणार. परतताना अर्जुनराव गाडी चालवत होते. तळवड्यापर्यंत मीच बोलत होतो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
वर्षालीने शेजारी बसवलं. मॉडेलला पंचेचाळीस व्होल्टचं ब्रेकडाउन जोडलं आणि तेच सर्किट चालवलं. पंचेचाळीसलाच व्होल्टची रेघ अडली आणि करंट उसळला, म्हणजे ट्रान्झिस्टर फुटला. दहा हजार सोडाच.
मी म्हटलं, हे बुधवारीच दाखवायला हवं होतंस. ती म्हणाली, दाखवायलाच आले होते सर. तुम्ही पेपरचं नाव सुचव म्हणालात.
जेवणाच्या सुट्टीत मेलमधलं 'चाचणी पूर्ण' पुन्हा पुन्हा वाचलं. मग अर्जुनरावांना जाऊन सांगितलं, लॉट चांगला होता. डायोड मी काढला होता आणि वर्षालीचं ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, बसा, चहा घ्या. आणखी एक ट्रायल मागतो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
चाकणला दुसरी ट्रायल. वर्षालीचा बोर्ड, डायोडसकट. पाचशे वेळा चालू-बंद, एकदाही चूक नाही. ऑर्डर मिळाली. डिझाइन हेड वर्षाली. पेढे मीच आणले, मनापासून. उत्कर्षा मॅडमनी मला ओळखलं आणि आधी फाइलवर हात ठेवला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. दुपारी ३
माझ्या डिझाइनप्रमाणे डायोडशिवाय आधीच बनलेल्या तीस बोर्डांवर डायोड बसवायचे होते. मी स्वतःहून म्हटलं, चूक माझी, सोल्डरिंग मी करतो. ज्ञानदेव नको नको म्हणत होते, ऐकलं नाही. सकाळपासून मान वर केली नाही. बोट एकदाच भाजलं. फार समाधान वाटलं.
ज्ञानदेवांनी पहिला बोर्ड चालू केला. टप्.
त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, साहेब, डायोडची पांढरी पट्टी कुठल्या अंगाला ठेवली? मी अभिमानाने सांगितलं, सगळ्या बोर्डांवर अगदी एकाच बाजूला.
तीसच्या तीस उलटे. चुकूनही एक सुलटा नाही.