विहिरीतलं कासव वर आलं

कडाव, ता. कर्जत
दि. १० एप्रिल २०२५

चि. भाग्यश्रीस,
आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना आशीर्वाद, अंबाबाई विहीणबाईंना नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक. परसातला आंबा यंदा बरा धरलाय. माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली, उन्हात घालून घडी करून ठेवलीत. तुझी खाट गाडीवाल्या नवनाथने विणून दिली. तुझ्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलंय, ते पाळतेस ना? लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीस ना?

फोनवर बोलले असते. पण फोनवर तू म्हणतेस, "आई, आवाज असा का?" आणि मी म्हणते, झोप झाली नाही. म्हणून लिहिते आहे.

होळीच्या आधी टेकाडावर कंपनीची माणसं मशीन घेऊन आली, हे तुला सांगितलं होतं. सोडियमची खाण होणार म्हणतात. मी ग्रंथालयातून भूगर्भाचं पुस्तक आणून वाचलं, निम्मं कळलं. आपल्याकडे काळा कातळ, थरावर थर. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि दोन थरांमधल्या भेगांत. आपली विहीर त्याच पाण्यावर. कंपनीची माणसं सांगतात, त्याच्या खूप खाली फार जुनं पाणी कोंडलेलं आहे, खारं. त्यातलं मीठ त्यांना हवंय. मी ग्रामसभेत विचारलं, खालचं वर आलं तर? कंपनीचे साहेब म्हणाले, मधे जाड कातळ आहे. मला पटलं. कातळ काय असतो ते मी तुझ्या बाबांच्या हाताच्या फोडांवरून ओळखते. विहीर खणताना एकेक हात खाली जायला त्यांना महिने लागले होते.

मग त्यांनी मशीनने पाडलेल्या एका भोकातून पाणी आपोआप वर उसळलं. दोन दिवस ओढ्याने वाहत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड बुजवलं.

पाडव्यानंतर माझा चहा फाटायला लागला. मी दूधवाल्या पोपटला दारात धरलं, म्हटलं दुधात काय घालतोस? तो म्हणाला, "काकू, मला काय बी बोला, माझ्या म्हशीवर आळ घेऊ नका. गरीब हाय ती." हसले आणि दूध उकळून पाहिलं. नुसतं दूध फाटत नव्हतं.

मग डाळ शिजेना. एके सकाळी वाडीवरची कोंडी पाण्याला आली, तिला पेज दिली. एक घोट घेऊन तिने वाटी खाली ठेवली. "वयनी, मीठ लय टाकलंस गं." मी मीठ टाकलंच नव्हतं. बाबा गेल्यापासून एकटीसाठी रांधताना मी कधी मीठ विसरते, कधी दोनदा टाकते. वाटलं, माझीच जीभ गेली. तुला हे सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आई आता एकटी राहू नकोस.

पण ती जीभ नव्हती.

बाबांनी विहिरीत कासव सोडलं होतं, आठवतं ना? तू त्याला भाताची शितं टाकायचीस. पाणी साफ ठेवतं म्हणायचे ते. गेल्या सोमवारी ते वरच्या पायरीवर येऊन बसलं होतं. पाण्यात ढकललं, तर पुन्हा वर आलं. तिसऱ्यांदा ढकलायला माझा हात गेला नाही. भाग्या, मी त्या पायरीवर बसून राहिले. घरात एकटीने इतकी वर्षं काढली, साप निघाले, वादळात कौलं उडाली, पण अशी भीती मला वाटली नव्हती. जमिनीखाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि ते जनावर मला सांगत होतं.

कंपनीच्या माणसांत अपेक्षा नावाची एक पोरगी आहे, दगडांचं शिकलेली. तिला घरी बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खारटपणा थोडा वाढतोही. किंवा भोकात घातलेला पाइप खाली नीट बसला नसेल. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." दोन बाटल्या भरून घेतल्या. मी तिच्यापुढे विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवला. तिने तो उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. "तुम्ही पण नका पिऊ," म्हणाली, हळूच, बाहेर उभ्या ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये असं.

कोंडीला मी सगळं सांगितलं. तरी तिने हंडा भरलाच. "वयनी, तू लेकीला तिकडंच थांबवशील. आमी कुटं जायाचं? वरचा झरा तर आटला." टँकरसाठी उद्या आम्ही दोघी पंचायतीत जाऊन बसणार आहोत. टँकर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. तो आला की तुझ्याकडे येते.

म्हणजे आता तुला कळलंच. ठरल्याप्रमाणे रविवारी नवनाथ तुझ्या दारात गाडी घेऊन येईल. पण तुला न्यायला नाही, हे पत्र द्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही म्हणून तिकडे कोणी बोललं, तर बोलू दे. माहेर आटलं म्हणतील, म्हणू देत. तुझा रक्तदाब, तुझी सूज आणि हे पाणी, या तिन्हींना मी एका घरात ठेवणार नाही. बाटल्या विकत आणू म्हणशील. स्वयंपाकाला, अंघोळीला, बाळाच्या तोंडाला, किती आणशील?

तू सव्वा महिन्याची असताना तुला कडेवर घेऊन मी याच विहिरीची ओटी भरली होती. बाबा मागे छत्री धरून उभे होते, ऊन लागेल म्हणून. तुझं बाळही तिथेच न्यायचं, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. ती ओटी आपण तिकडे नळाची भरू. पाणी गोड असलं म्हणजे झालं.

कासव अजून पायरीवरच आहे. मी त्याच्यावर ओलं पोतं घालते. हे लिहिताना टेकाडावरचं मशीन पुन्हा सुरू झालंय.

दुपटी नवनाथबरोबर पाठवते आहे. ती उतरवून घे, त्याला जेवायला वाढ आणि परत लाव. रडू आलं तर रड, पण त्याच्या गाडीत बसू नकोस.

तुझी,
आई