उपाशीपोटी घेतलेली लस

आये, तिकडं वर आबांचा खोकला आता कसा आहे? आत्तीचे गुडघे दुखायचे थांबले का? आणि माझ्या पाठची धाकटी, गोवरानं नेलेली, तुझ्या कुशीत तरी गाढ झोपते का? तुझी तब्येत शेवटी विचारतो, कारण तू "मला काय धाड भरलीय" एवढंच म्हणणार.

धाकटी गेल्यावर तू सगळी गल्ली धाकात ठेवलीस. लस टोचायला बाई आल्या की पोरं हुडकून काढायचीस, आधी चुलीपाशी बसवून दूध-भाकरी चारायचीस, मग दंड पुढं. "रडायचं तेवढं रडा, पर उपाशी न्हाय जायाचं." नंतर हातावर गुळाचा खडा. तो गूळ अजून माझ्या जिभेवर आहे.

आता करोनाची लस शाळेतल्या पोरांनाही देतायत. माझी नात नववीत, लहानपणापासून दम्याची. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं, लस घेऊनही करोना होऊ शकतो, पण जिवावर बेतायची भीती बरीच कमी; दंड दुखेल, ताप येईल, क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, तो लपवू नका. मी पोराला, सुनेला राजी केलं. दिवस शुक्रवारचा. सुईच्या भीतीनं पोरीनं अंबाबाईचा कडक उपास धरला, कुणाला न सांगता. टोचून झालं, ती उठली आणि धाडकन पडली. भीती आणि रिकामं पोट, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घटकाभरात पोरगी पाणी पिऊन बसलीसुद्धा. पण तोवर रांगेतल्या आया आपापली पोरं घेऊन निघाल्या होत्या.

"लसच बाधली," गल्ली म्हणते. उपासाचं मी दारोदार सांगतो, तर शेजारीण म्हणते, "मग काय अंबाबाईनं पाडली म्हणता व्हय, अण्णा?" पोरगा ऐकूनच घेत नाही. "दुसरा डोस न्हाय म्हंजे न्हाय. परत पडली तर तुम्ही उचलणार हाय काय?"

दुसऱ्या डोसचा दिवस काल गेला. पोरीची छाती घरघरते, मी शेजारी बसून ऐकतो. "आज्जा, मी खाऊन गेले असते तर बाकीची पोरं पण थांबली असती न्हवं?" असं विचारते.

तुला म्हणून सांगतो. ती पडली तेव्हा मलाही वाटलं, लसच बाधली. सगळं समजून घेतलं होतं, तरी वाटलं. म्हणून पोरापुढं माझा आवाज चढत नाही, आणि त्यानं ते ओळखलंय.

हे पाठवायचं कुठं? उशाखाली ठेवतो. तरी लवकर लिही, आये. पोराला काय सांगू, तेवढंच लिही.