पोपड देशाचे पहिले रहिवासी

मयूर विहार, दिल्ली
ऑक्टोबर १९९३

चि. अंशुमन, आशीर्वाद.

नव्या फ्लॅटमध्ये आम्ही मजेत आहोत. सोसायटीत अजून चारच बिऱ्हाडं आलीत. पाणी टँकरने येतं, पण बिलकूल काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझं पत्र वाचलं. गोवर झाला तेव्हा आपण माजघरातल्या ओल्या भिंतीवर, पोपड्यांमध्ये जो देश शोधला, तो तू देवयानीला दाखवलास. बरं केलंस. बायकोच आहे तुझी.

पण तिथली पहिली माणसं होडीतून आली, असं ती म्हणते आणि तुला ते पटतं? अरे, तेव्हा तिथे समुद्र नव्हताच! ओल पसरून समुद्र झाला तो पुढच्या पावसाळ्यात. पहिली माणसं वरच्या खुंटीवरून दोरीने उतरली. आधी बहीण, मागून भाऊ. तिसरं कुणी नव्हतं.

आई लिहिते, देवयानी फार कल्पक आहे. असेल.

दर दिवाळीला घराला रंग देताना तेवढी भिंत सोडा, म्हणून मी बाबांशी भांडायचे. यंदा आम्ही येत नाही. त्या भिंतीलाही रंग देऊन टाका.

तुझीच,
नीरजाताई