जत्रेतला हरवलेल्यांचा मंडप

बाई,

शाळेनं मला आपल्या गाईड पथकाचा इतिहास लिहायला सांगितलाय. दोन पानं, बस. सुरुवात नव्याण्णव साली, सुरू करणाऱ्या तुम्ही, पहिल्या वर्षी मुली अकरा. एवढं लिहून झालं आणि हात थांबला. तेव्हा तो कागद बाजूला ठेवून हा घेतला.

मला आठवता त्या तुम्ही गोंदियाच्या गाडीनं येणाऱ्या, अर्जुनीच्या स्टेशनवर ठेवलेली सायकल काढून शाळेकडे निघालेल्या, गळ्यात शिट्टी. मुलांचं स्काऊट पथक शाळेत आधीपासून होतं. मुलींकडे स्वागतगीत आणि सतरंज्या घालणं. तुम्ही आल्या आल्या मुख्याध्यापकांना विचारलंत, "सर, लड़कियों के हाथ नहीं हैं क्या?" सर हसले आणि हो म्हणाले, पण एक अट घातली. एका जरी पालकाची तक्रार आली, तर पथक बंद. दुसऱ्या दिवशी तुम्ही संमतीपत्रं वाटलीत. माझ्या बाबांनी माझं न वाचताच परत दिलं. "कायले पाहिजे? पोरीच्या जातीनं शिट्ट्या वाजवत फिराचं काय?" मी चुलीशी बसून रडत होते, तर आजीनं शाईची दौत मागितली आणि कागदावर अंगठा उठवला. "तुह्या बापाले मीच वाढवलो," ती म्हणाली. "माहा अंगठा त्याच्या सहीहून मोठा हाये." तुम्ही तो अंगठा बराच वेळ पाहिलात आणि कागद फाईलला लावलात.

मग आपल्या अर्जुनीजवळच्या प्रतापगडची, महाशिवरात्रीची जत्रा. गडाच्या पायथ्याशी आपला मंडप, बांबू आपणच बांधलेले, वर पाटी: हरवलेली माणसं इथं मिळतील. माझ्याकडे हरवलेल्यांच्या नोंदींची वही होती. दुपारी मी ती टेबलावर टाकून आकाशपाळणा बघायला पळाले. परत आले तर तुम्ही माझ्या जागेवर बसलेल्या. ओरडला नाहीत. "कोणी हरवलं तर आपल्याकडे येतं," म्हणालात. "आपणच हरवलो तर त्यांनी कुठं जायचं?" आजही माझे कान गरम होतात.

मी जेमतेम वही हातात घेतली असेल, तर आपल्या दोन मुली एका म्हातारीला हाताला धरून आणतात. माझी आजी! गर्दीत मुलाचा हात सुटला म्हणते, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी मुळीच नाही. पडद्यामागच्या सतरंजीवर ती आरामात बसते आणि मुरमुरे खायला लागते. मला कळतं, आता बाबा येणार. आणि ते येतातच, टोपी हातात, धापा टाकत. "माही माय हरपली जी. सारी जत्रा ढुंढून राहिलो." मग मान वर करतात आणि निळ्या गणवेशात मी दिसते.

तुम्ही सगळं ओळखलंत. तरी मला म्हणालात, "लिहून घे. सगळ्यांचं लिहितो तसं."

मी वही उघडून विचारलं, "हरवलेल्याचं नाव? लुगड्याचा रंग?"

"काऊन वो, तुले तुह्या आजीचं नाव माईत नाही काय?" बाबा कडाडले. "आन् तुले इथं कोनं येऊ देलं?"

पडद्यामागून आवाज आला, "मी देलो. आन् मी हरपलो नाही बापू, पोट्टीचं काम पाहून राहिलो."

बाबा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन एक शब्द बोलले असते तर पथक संपलं असतं. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "चूक माझी आहे. मी तुम्हाला भेटायला यायला हवं होतं." बाबा तोंड उघडणार तेवढ्यात लाल फ्रॉकातली चारेक वर्षांची पोर हुंदके देत आत आणली गेली. ती फक्त गोंडी बोलत होती आणि आपल्यापैकी कोणालाच गोंडी येत नव्हती. मी तिला मांडीवर घेतलं, स्कार्फनं तिचं नाक पुसलं, पण ती थांबेना. बाबा बघत राहिले. मग उकिडवे बसले. धानाच्या कापणीला येणाऱ्या मजुरांकडून शिकलेली मोडकीतोडकी गोंडी त्यांनी काढली, आणि पोरीनं गावाचं नाव सांगितलं! तुम्ही त्यांच्या हातात मंडपातला माईक दिलात. बाबांनी आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. त्यांनी आधी पोरीच्या गावाचं नाव पुकारलं. "लाल फ्राकवाली पोरगी इथं हाये," ते सगळ्या गडाला ऐकू जाईल असे ओरडले, "तिच्या मायनं घाबराचं नाही, आरामात यावं, पोरगी आता जिलेबी खाऊन राहिली!" तिची आई धावत आली, पोरीला उराशी धरून रडली, हसली, आणि बाबांच्या पाया पडायला लागली. ते लाजून माझ्याकडे बोट दाखवत होते. "हिच्या पडा. हे काम हिचं हाये."

त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी बैलगाडीतून बांबू त्यांनीच आणले, आणि माईक सोडायला काही तयार नव्हते.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी याच शाळेत शिक्षिका झाले, तुम्ही निवृत्त होताना पथक माझ्याकडे दिलंत. आता मुली साठाच्या वर आहेत. इटियाडोह धरणावर शिबिर नेताना पालकच विचारतात, आमची पोरगी यादीत आहे ना?

हे पत्र कुठं पाठवणार? इतिहासाच्या दोन पानांतही यातलं काही बसणार नाही. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची होती. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी इटियाडोहला शिबिरात होते. मुली स्वयंपाकाच्या स्पर्धेत होत्या, एका तुकडीचा भात पार करपला होता आणि त्या तो मला आग्रहानं वाढत होत्या. मी फोन ठेवला, कोणाला काही बोलले नाही, आणि परत जाऊन तो भात खाल्ला. अंत्ययात्रेला मी आले नाही, बाई. सगळे समजले की गाडी चुकली. गाडी होती. मला त्या मुलींतून उठावंसंच वाटलं नाही.