वाकडी फांदी

प्रिय फिदेन्सिओदादा,

"खेळणी कोरून कुणाचं पोट भरलंय?" असं तूच मला हिणवायचास. आता ओआहाका शहरभर मिरवतोस, बहीण आवडीच्या कामावर जगते म्हणून. जगते रे. अकरा वर्षं नुसती घुबडं कोरते, कारण दुकानवाल्याला घुबडंच हवीत. तुझा आनंद मोडवत नाही, म्हणून हे पत्र काही मी धाडणार नाही.

काल कोरायला आणलेल्या कोपालच्या लाकडाच्या मोळीत एक वाकडी फांदी आली. बाबांची दृष्टी गेली, तरी फांदी हातात फिरवून आतलं जनावर ते अजून ओळखतात. म्हणाले, "पोरी, यात कुत्रा झोपलाय. अलगद काढ हं."

मलाही तो दिसला होता.

"नाही बाबा, घुबड आहे," म्हटलं आणि फांदी सरळ तासून काढली.

बाबा मग खालच्या ढलप्या चाचपत बसले, शेपूट सापडतं का बघत.

तुझी घुबडवाली,
युफ्रासिया